झऱ्यावरची निलगिरी

दुपारी हमाम बंद असतो तेव्हा मी आतल्या दगडी ओट्यावर जरा आडवी होते. ओटा संध्याकाळपर्यंत कोमट राहतो. डोळा लागला की ती झाडं येतात. टेकडीवरून एकामागोमाग उतरतात, दाराशी रांग लावतात, साली काढून खुंट्यांवर टांगतात आणि पांढरीफटक अंगं घेऊन हौदात शिरतात. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही, आमच्या गिऱ्हाइकांपेक्षा शिस्तीत बरीच बरी. फक्त हौद रिकामा होईपर्यंत पितात. आणि स्वप्नातसुद्धा मला त्यांच्याकडे तिकीट मागता येत नाही, कारण ती सासरची माणसं पडली.

सासरचीच. ती लावली माझ्या सासऱ्यांनी. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, मीही म्हणते. आप्पा जहाजावर खलाशी होते आणि वर्षातून कधीतरी घरी यायचे. हमाम उभा केला तो सासूबाईंनी. टेकडीच्या पोटातला झरा त्यांनीच शोधला. ओल्या गवताचा माग काढत वर गेल्या, चर खणला आणि पाणी थेट हौदापर्यंत आणलं. पाणी झालं, पण तापवायचं कशावर? टेकडी तेव्हा बोडकी होती. खिंडीपलीकडे लाकडाची वखार आहे, तिथून त्या रोज डोक्यावर मोळी आणायच्या.

एका सुट्टीत आप्पांचं लक्ष बायकोच्या मानेकडे गेलं. मान पुढे आली होती आणि डोक्यावर काही नसतानाही त्या मोळी असल्यासारख्याच चालत होत्या. पुढच्या खेपेला लांबच्या कुठल्यातरी देशातून तंबाखूच्या डबीत बी घेऊन आले. चहाच्या भुकटीएवढं बारीक बी, निलगिरीचं. झऱ्याजवळची माती मऊ म्हणून रोपं तिथेच लावली.

इथल्या मातीला हे झाड ठाऊक नव्हतं, पण झाडानं ओळखपाळख होण्याची वाट पाहिली नाही. भराभर वाढलं. जळण घरचं झालं. झऱ्याखालची दलदल आटली आणि डास गेले. फुलांवर मधमाश्या आल्या. तापल्या दगडांवर पाला टाकला की अशी वाफ निघायची, की छाती भरलेली माणसं चार गावांवरून यायला लागली. सासूबाई पुन्हा कधी खिंड चढल्या नाहीत. बायकोसाठी एवढं दुसऱ्या कुणी केलेलं मी तरी पाहिलं नाही. आमच्या ह्यांनी मला एकदा गुलाबाचं रोप आणलं होतं, ते कुंडीतच मान टाकून बसलं.

सासूबाई गेल्या. आप्पा जहाज सोडून कायमचे घरी आले आणि झाडांत रमले. आता त्यांना दम लागतो. सकाळी हमाम उघडायच्या आधी ते पाल्याच्या वाफेत बसतात. पांढऱ्या धुक्यात फक्त त्यांचा श्वास ऐकू येतो, आधी कुरकुरत्या दारासारखा, मग हळूहळू मोकळा. तो मोकळा झाला की माझाही जीव भांड्यात पडतो. माझं या म्हाताऱ्यावर प्रेम आहे, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसले असते.

पण पाणी कमी होत चाललं होतं. पूर्वी उजाडताना हौद काठोकाठ असायचा, आता दुपार झाली तरी पायऱ्या उघड्या. हमाम बंद पडला तर आमच्या घराची चूलच विझणार. मी ह्यांच्यामागे लागून झऱ्यावरची झाडांची रांग तोडून घेतली. पाणी वाढलं आणि मी वर्षभर तोऱ्यात वावरले. मग प्रत्येक बुंध्यातून खराट्यासारखे फुटवे आले. एका खोडाच्या जागी पाच-सहा, आणि सगळे तहानलेले.

आप्पांना कोण आनंद! "बघितलंस? कापलं तरी मरत नाही. म्हणून तर हेच झाड निवडलं होतं."

"आप्पा, बुंधे मुळासकट काढायला हवेत."

"मग मलाही काढ. तेवढ्याच खड्ड्यात मावेन मी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बघू." लग्नापासून हे बघताहेत.

आणि एका सकाळी पाणी आलंच नाही. चर कोरडा होता. बाहेर माणसं टॉवेल खांद्यावर टाकून उभी, आत आप्पा पंचा गुंडाळून ओट्यावर, वाफेची वाट बघत. कोरड्या हमामात माणूस किती उघडा दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझी जीभ सुटते.

"आज आंघोळ नाही, आप्पा. आज तुमच्या झाडांनी आंघोळ केलीय!"

ते उठले, सदरा चढवला आणि टेकडी चढू लागले. मी मागोमाग. वर पालापाचोळ्यात आवाज बुडून जातो. सालींच्या लांब पट्ट्या वाऱ्यावर सावकाश हलत होत्या, पानं सरळ खाली लोंबत होती, आणि मी झोपेत चालते आहे की काय असं मला वाटलं. एकेका झाडावर हात टेकत, थांबत थांबत आप्पा झऱ्याच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसले आणि आत हात घातला. हाताला मुळं लागली. बारीक, ओली, एकमेकांत गुंतलेली. ते ओढत गेले आणि मुळं बाहेर येत गेली, ओल्या वेणीसारखी. वेणी संपली, पण मागून पाणी आलं नाही.

ती मुळं त्यांनी मांडीवर घेतली.

"झरा तिचा होता," ते म्हणाले. "झाडं माझी. एवढी वर्षं मला वाटत होतं, मी तिला काहीतरी दिलं."

"दिलंच की, आप्पा. त्यांची मान वाचली."

"मान वाचली. पण तिचं सगळं यांनी पिऊन टाकलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढ. झऱ्याच्या बाजूची सगळी काढ. त्याला सांग, आता बघू नको, खण."

ह्यांनी माणसं लावली. बुंधे उपसताना टेकडी दिवसभर कण्हत होती आणि आप्पा दाराकडे पाठ करून बसले होते. रस्त्याकडची पाच झाडं मी मुद्दाम ठेवली, तिथून झरा लांब आहे. त्यांचा पाला आप्पांच्या छातीला पुरतो. मधमाश्यांचीही तक्रार नाही.

उपटलेलं लाकूड विकून आम्ही दोन पावसाळे काढले, मग हौद पुन्हा भरू लागला. पहिल्या दिवशी मी आप्पांसाठी बंब पेटवायला निघाले तर म्हणाले, "थंडच ओत. ती थंडच घ्यायची." मी तांब्या ओतला. पाण्याला निलगिरीचा वास नव्हता, ओल्या दगडाचा होता. आप्पांनी डोळे मिटले आणि थोडे हसले.

हे इथेच संपलं असतं तर किती बरं झालं असतं! पण बंबाला जळण लागतं, आणि टेकडी आता पुन्हा बोडकी आहे. हे हातगाडीवरून रस्त्यानं लाकूड आणतात, पण रस्त्याचा वळसा मोठा आणि ते पुरत नाही. मग खिंडीपलीकडच्या वखारीतून मोळी आणायला मी जाते. सासूबाईंच्याच वाटेनं. पहिल्यांदा निघाले तेव्हा आप्पा अंगणात होते. त्यांनी माझ्या हातातली चुंबळ पाहिली आणि मान वळवली. मला स्वतःचाच राग आला, झाडांचा आला, त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याचाही आला. एकदा मानेसाठी झाडं लावायची, मग पाण्यासाठी उपटायची, आणि मान पुन्हा मोळीखाली. यात कोण जिंकलं, सांगा मला.

येताना डोक्यावरची मोळी माझ्या चालीवर डुलत होती. ऊन होतं, डोळ्यांसमोर सगळं पातळ झालं होतं. खिंडीच्या अर्ध्या उतारावर, जिथे सावलीला एक झाड उरलेलं नाही, तिथे कुणीतरी बसलेलं दिसलं. मला वाटलं भास होतोय.

आप्पा होते. श्वास दारासारखा कुरकुरत होता. शेजारी झाकण घातलेला तांब्या. कसे चढले असतील, देवच जाणे.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं इथे यायला?" मी ओरडले. "छातीचं काही झालं असतं म्हणजे?"

"ती रोज यायची इथून," ते म्हणाले. "मी एकदाही नव्हतो." त्यांनी तांब्यावरचं झाकण काढलं. थोडं पाणी सांडलं. "आधी मोळी उतरव. मग काय रागवायचं ते रागाव."

मी मोळी उतरवली आणि त्यांच्या शेजारी बसले. पाणी झऱ्याचं होतं. उन्हातून एवढं वर आणलं होतं, तरी गार होतं.