पन्नीतली बाहुली

उन्हात टाकलेली दुपटी. संत्र्याची रिकामी पेटी. वस्तीच्या तोंडाशी थांबलेली रुग्णवाहिका. पोट. तळपाय.

मित्रांनो, मी एक जुनी रबरी बाहुली आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मापाची. मला साच्यात ओतले, गालांना गुलाबी रंग दिला आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या पन्नीत घातले. मग संत्र्याच्या पेटीत बसून मी सौंसरला आले. तिथे गावोगावच्या आशाताईंचे प्रशिक्षण चाले.

पन्नी तशीच राहिली.

"स्टोअरात वापस करायची हाये. खराब झाली तं मले विचारतीन," शिकवणाऱ्या अपर्णा मॅडम म्हणत.

"काय वो मॅडम, हिच्या मायचं बाळंतपण कुठं झालं?" मोहगावच्या कलाबाईंनी विचारले.

"सरकारी हाये ते. म्हणून तं अजून पॅक हाये!" मागून कोणीतरी म्हणाले.

सगळ्या हसल्या. मलाही छान वाटले.

मॅडमनी शिकवले : उलटा हात आधी बाळाच्या पोटावर ठेवा, मग तळपायांवर. पोट गरम, पाय गार, म्हणजे बाळ गारठू लागले. लगेच आईच्या उघड्या छातीशी द्या, वरून पांघरा.

एकेक ताई पुढे आली. पन्नीवरून हात लावला. "पोट गरम, पाय गार," असे पाठ म्हटले. माझे पोट आणि पाय सारखेच होते.

सुचिताचे पाठांतर सर्वांत चांगले. टाळ्या तिलाच मिळाल्या. ती पांढुर्ण्याची, रुळापलीकडची वस्ती तिच्याकडे. तिकडे नर्सबाई कधीतरी जाते. सुचिता रोज जाते.

मग कपाट. अंधार.

पुढच्या प्रशिक्षणात सुचिता आली ती वाळल्यासारखी. उभी राहून तिने सांगितले. थंडीचे दिवस होते. वस्तीतल्या प्रियंकाचे बाळ वजनाला कमी, दवाखान्यातून नुकतेच घरी आलेले. सुचिता बघायला गेली. आजीने उन्हात तापवलेल्या दुपट्यांत बाळाला गुंडाळले होते.

"आजी म्हणे, आत्ताच डोळा लागला, उघडू नको वो. मी वरूनच हात लावला. गरम लागलं. म्हटलं, चांगलं आहे पोरगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाने दूध ओढले नाही. रुग्णवाहिका पोचली तेव्हा ते गेले होते.

"दुपटं गरम होतं, मॅडम. पोरगं नव्हतं."



सुचिताने माझी पन्नी दातांनी फाडली. माझे पोट खिडकीतल्या उन्हात धरले. पायांना ओला फडका गुंडाळला. बराच वेळ तशीच बसली. मग फडका काढून म्हणाली, "आता लावा हात."

कलाबाईंनी पायाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अगं माय!"

त्या दिवशी मला पहिल्यांदा माणसाचा हात कळला. किती खरखरीत असतो, किती ऊबदार.

संध्याकाळी मी स्टोअरात परत गेले. तिथल्या माणसाने मला पुसले आणि नवी पन्नी चढवली.

मित्रांनो, शिकायची वस्तू जपायची म्हणून झाकून ठेवू नका. मी मळले तर धुता येते. माझा रंग गेला तरी चालेल, हात फाटला तर चिकटवा. पण मला उघडे ठेवा.

पहिल्या प्रशिक्षणात सुचिताने हात वर करून विचारले होते, पन्नी काढू का.