दोन बोटांची जागा

“नाकाच्या हाडावर, अगदी समोरून, दोन बोटं मावली पाहिजेत. मग बकल लाव.” माझा शेवटचा टाका घालून जिनगरकाका हेच बोलले होते. बोटे कोणाची, ते मात्र त्यांनी सांगितले नाही, आणि पुढे घोळ झाला तो तिथेच.

मित्रांनो, मी एक जुना, साधा नाकपट्टा आहे. स्वारीच्या घोड्याच्या नाकावरून जाऊन हनुवटीमागे अडकतो, तोच मी. लगामाला सगळे ओळखतात, खोगिराचा तर थाटच निराळा. तरी सांगते कोण आणि ऐकते कोण, हे घोड्याच्या तोंडाशी राहून मला जितके कळले, तितके त्या दोघांना कळले नाही.

बारा वर्षे मी एका शांत घोड्याच्या नाकावर होतो. मला रोज नेमाने पुसत, तेल लावत. “पट्टा असावा तर असा,” असे लोक म्हणत आणि मी आतल्या आत फुगत असे. मग तो घोडा म्हातारा झाला आणि बाजारात तोंड बंद ठेवणारे नवे दुहेरी पट्टे आले. मी खुंटीवर गेलो. माझ्यावर पांढरी बुरशी चढली.

त्याच सुमारास तबेल्यात एक बदामी घोडी आली. तिच्यावर बसणारी मुलगी दहा वर्षांची होती. दुहेरी पट्टा बांधला की घोडी मान झटकायची, पुढे पाऊलच टाकायची नाही. स्वारी शिकवणारे सर म्हणायचे, “एक भोक आवळ. दोन बोटं मावतात ना?”

“मावतात, सर.” पोर खोटे बोलत नव्हती. रोज न चुकता बोटे घालून बघत होती.

शेवटी सर म्हणाले, “शनिवारपर्यंत बघू. नाहीतर घोडी परत पाठवायची.” त्या दिवशी मुलगी डबा न उघडताच घरी गेली.

शुक्रवारी जिनगरकाका खोगीर दुरुस्त करून घेऊन आले. घोडीचे तोंड पाहून त्यांनी पट्ट्याखाली बोट घातले. नखापुढे ते जाईना.

“अगं, हे कुणी मोजलं?”

“मीच. दोन बोटं.”

काकांनी तिचा हात आपल्या तळव्यावर ठेवला. “तुझी ही दोन म्हणजे काड्या, बाई. माझ्या एका बोटात दोन्ही बसतील. माप मोठ्या माणसाच्या बोटांचं असतं. अशानं बिचारीनं जीभ तरी कशी हलवायची?”

मुलीचे डोळे भरले. “म्हणजे माझ्यामुळे तिला...”

“तुला सांगणाऱ्यांमुळे,” काका म्हणाले आणि त्यांनी जवळच उभ्या असलेल्या सरांकडे पाहिले.

सर हसले. “पट्टा बदलून स्वभाव बदलतो होय, काका? बदलला, तर बाकीच्या अकरा घोड्यांचे पट्टे मी स्वतः तपासीन. शब्द देतो.”

काकांनी मला खुंटीवरून उतरवले, पुसले, तेल पाजले. गालाच्या हाडाखाली नीट बसवून आपल्या जाड बोटांनी जागा मोजली. घोडीने आधी जीभ हलवली, मग लगामाची तोंडातली लोखंडी कडी चघळली, मग एक लांब श्वास सोडला. मुलगी वर बसली. घोडी मान खाली घालून मैदानाला तीन फेऱ्या मारून आली. सर कुंपणाला टेकून पाहत होते. घोडी राहिली, आणि तिच्या नाकावर मीही राहिलो.

मित्रांनो, पट्टा निवडताना दुकानातली चकाकी पाहू नका, घोड्याचे तोंड पाहा. मुक्या जिवाला देवाने तक्रारीसाठी मानेचा एक झटका तेवढा दिला आहे. त्याला खोड म्हणण्याआधी आपण बांधलेली गाठ तपासा.

शनिवारी सकाळी सर सगळ्यांच्या आधी आले. भोके पाडायची आरी खिशात टाकली, बाह्या सारल्या आणि रांगेतल्या पहिल्या घोड्याकडे वळले.