बदलीचा कारीगर

भाईदासच्या पायाची नस फुटली ती ऐन पाळीत. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या त्या कापड कारखान्यात आम्ही दोघं शेजारशेजारच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. बारा तास उभं राहायचं काम, आणि तो वीस वर्षं उभा होता. घोट्यापासून पोटरीपर्यंत निळ्याजांभळ्या नसांचं जाळं झालेलं. खाज आली म्हणून त्यानं नख लावलं आणि रक्ताची धार लागली. माणूस खाली बसला, तर शेठ आधी कापडावर डाग पडला का ते बघत होता. या शेठ लोकांचं मला नवल वाटत नाही, नुसता राग येतो.

"पग सारो करावी ले, पछी आवजे," पाय बरा करून मग ये, एवढं बोलून तो निघून गेला.

सुरतेच्या डॉक्टरनं पाय दाबून पाहिला. वरची मोठी नस चांगली आहे, या बारीक नसांना ऑपरेशन नको, इंजेक्शननं भागेल म्हणाला. औषध आत गेलं की नस आतून चिकटते, बंद पडते आणि रक्त दुसऱ्या वाटेनं जातं. मी सोबत होतो. तो एकामागून एक बारीक सुया टोचत गेला, भाईदासनं हूं की चूं केलं नाही. मग पायाला घट्ट पट्टा बांधला. रोज चालायचं, पण महिनाभर लूमवर उभं राहायचं नाही. हे ऐकलं मात्र, आणि भाईदासचा चेहरा पांढराफटक पडला.

कारण आमच्याकडं कारीगर रजेवर गेला की त्यानंच बदलीचा माणूस द्यायचा. आणि बदलीच्या माणसाचा एकदा हात बसला की तो जागा सोडतो कशाला? आमच्या डोळ्यांदेखत तिघं असे उडाले होते. म्हणून भाईदासनं डोकं चालवलं. परका नकोच, घरचा द्यायचा. त्याचा ललित बारावीत होता. बापाचा डबा आणता आणता तुटलेली धाग्याची तार सांधायला शिकलेला.

"अरे, पोराला या धंद्यात घालणार नाही, त्याला खुर्चीवरचं काम मिळालं पाहिजे, म्हणून कोण बोंबलत होतं?" मी विचारलं.

"आतेबी तेच म्हणस. फक्त सुट्टीपुरता, सखाराम. मना पोऱ्या मनी जागा खाई का?"

स्वतःचा पोरगा बापाची जागा कशाला खाईल, एवढा त्याला भरवसा.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरची ती दुसरी दिवाळी. लाभपाचमला, दिवाळीनंतरच्या पंचमीला, कारखाना उघडला, शाळेची सुट्टी अजून बाकी होती. ललित लूमवर उभा राहिला. पोरगं तरतरीत. तार तुटायचा अवकाश, हा हजर. शेठ येता-जाता त्याच्या पाठीवर थाप मारायचा. शाळा उघडली तेव्हा बापाचा पट्टा सुटला नव्हता, म्हणून आणखी थोडे दिवस झाले. भाईदासच्या बायकोला, मंगलाबाईला, पोरगा कमावता झाल्याचं कौतुक, आणि ललितच्या चालण्यात कारीगराची ऐट आली. मला ती ऐट बघवत नव्हती.

महिन्यानं भाईदास आला. पाय खरोखर सुधारला होता. थोडे तपकिरी डाग, बाकी जाळं गेलेलं. त्यानं सगळ्यांसमोर पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि शेठला दाखवलं, "बघा शेठ, एकदम ठीक. पोऱ्याला सोडा आता, त्याची परीक्षा आहे."

शेठनं पाय नीट बघितला. "सरस," म्हणाला, "पण छोकरो तारा करता सारो चलावे छे. तू आराम कर. जग्या तो घरमां ज रही ने?" पोरगं बापापेक्षा चांगलं चालवतं आणि जागा तर घरातच राहिली, असा त्याचा हिशेब.

"मला दुसरा लूम द्या."

"खाली नथी."

एकही लूम रिकामा नाही, एवढं सांगून शेठ गेला. मला वाटलं, आता भाईदास गयावया करत त्याच्या मागं जाईल. तो गेला नाही. तो सरळ लूममधल्या बोळात शिरला आणि त्या खडखडाटात ओरडला, "ललित, चाल घर! नई पाहिजे त्यासनं काम. तू शाळामा जाय."

ललितनं हातातली तार आधी सांधली, मग बापाकडं बघितलं. राग नव्हता पोराच्या तोंडावर, माया होती. त्यामुळंच जास्त भीती वाटली.

"आबा, तुमी घर जा," तो म्हणाला. "वीस वरीस उभा ऱ्हायनात, आते बसा. मी शे ना आठे."

मी आहे ना इथं, म्हणे! मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच क्षणी पोटाशीही धरावंसं वाटलं.

सुया टोचताना न रडलेला भाईदास रडत होता. मग त्यानं, सगळ्या कारीगरांसमोर, स्वतःच्या पोरापुढं हात जोडले.

ललित लाजला. कोण कोण बघतंय ते त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि पाठ फिरवून पुढच्या लूमकडं गेला.