भुकेची गोळी

शेजारच्या सुंदरामावशीने गोळ्यांची पट्टी उजेडात धरली आणि हसली. "अगं उषाबाई, ही तर भुकेची गोळी. माझ्या लखनच्या अंगाला मांस लागेना, तेव्हा त्याला दिली होती. डोक्याची कुठली?"

चुलीशी जेवत बसलेल्या हर्षदाने नवी पोळी घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला.

उन्हाळ्यापर्यंत दर आठवड्याला तिचं अर्धं डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या, शाळा बुडायची. तिचा बाप भटू कापडाच्या लूमच्या कारखान्यातून आला की चिडायचा. "दिवाळीलोंग वाट पाहू. नाहीतर दहावी राहू दे, घरी साड्यांना लेस लाव." मग कतारगामच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबेननी ही गोळी दिली. डोकं दुखो न दुखो, रोज रात्री एक. दुखणं उतरलं. पण गणवेशाचा कुर्ता काखेत काचू लागला, आणि वर्गातल्या पोरी तिला 'जाडी' म्हणू लागल्या.

"दुकानवाल्याने भलतीच दिली," उषाबाई म्हणाली. "आता बंद."

"माय, हिनेच डोकं थांबलंय."

"बिनगोळीनं बी थांबी."

थांबलं नाही. गणपती बसायच्या आतच हर्षदा भर दुपारी भिंतीला धरत घरी आली. संध्याकाळी भटूने लेसचं बंडल आणून दारात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हर्षदाच आईला दवाखान्यात घेऊन गेली.

"गोळी बरोबर आहे," डॉक्टरबेन म्हणाल्या. "तिने भूक वाढते, आणि काही मुलांचं डोकंही कमी दुखतं. वजन नको असेल तर दुसरी देते. लहानपणी दमा होता का?"

"अजून थंडीत छाती वाजस तिची," उषाबाई म्हणाली.

"मग ती दुसरी दम्याला नाही चालायची. हीच चालू ठेवा, खाणं सांभाळा. काही महिन्यांनी थांबवून बघू."

बाहेर आल्यावर उषाबाई म्हणाली, "पोरी तुले चिडवतीन."

"चिडवायला तरी मी शाळेत असेन."

घरी येऊन हर्षदाने दारातलं लेसचं बंडल पायाने सरकवलं आणि कुर्त्याची काखेतली शिवण उसवली. शिंप्याने आत बोटभर कापड राखलं होतं.

भटू दारात थांबला. "लेस कधी लावशी?"

"दिवाळी लांब आहे, आबा," हर्षदा म्हणाली, आणि सुईत दोरा ओवला.