उशीचा श्वास

सत्संगाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यातल्या काळ्या स्पीकरमधून एका माणसाच्या छातीचा आवाज येत होता, सूंऽऽ, सूंऽऽ, आणि सगळा हॉल हात जोडून तो ऐकत होता. छाती होती गुणवंतची. हा माझा रूममेट, संगमेश्वरकडचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आम्ही एकाच फर्निचर वर्कशॉपमध्ये कामाला. तो स्प्रे पॉलिशवर, मी स्टोअरमध्ये.

धनंजय महाराजांनी त्याच्या छातीवर स्टेथोस्कोपची चकती धरली होती. नळी कानात जायच्या ऐवजी एका डबीत जात होती आणि डबीतून आवाज स्पीकरवर.

"ऐकलंत? ही गावाकडची बाधा," महाराज म्हणाले. "विमानातून सोबत आली, व्हिसा न घेता."

लोक हसले. मग महाराजांनी अंगारा लावला, एक हात आसनाखाली नेला, डोळे मिटले आणि बाधेला हुकूम सोडला, "खलास. यल्ला, बाहेर."

कोकणातल्या भुताला अरबी कळतं, हे मला त्या दिवशी समजलं. शिट्टी थांबली. स्पीकरवर स्वच्छ, संथ श्वास यायला लागला. गुणवंतच्या डोळ्यांत पाणी आलं.

कामगारांच्या कॅम्पवर परतल्यावर त्याने दम्याचा पंप कचऱ्यात टाकला. मी उचलून खिशात ठेवला. दम लागला तर काय, असं विचारलं, तर म्हणाला, "स्वतःच्या कानांनी ऐकलंय मी." ऐकलं तर मीही होतं.

पुढचा आठवडा माझं कामात लक्ष लागेना. गुणवंत जिन्यात मधेच थांबायचा. जेवताना दोन शब्द बोलून घास बाजूला ठेवायचा. क्लिनिकला चल म्हटलं की चिडायचा. छाती आता वाजत नाही, मग डॉक्टर कशाला? आणि खरंच, रविवारी सकाळी ती वाजत नव्हती. शेजारच्या खाटेवरून रोज ऐकू येणारी शिट्टी एकदम बंद झाली होती. मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. तो सत्संगाला निघून गेला, तसा मी वर्कशॉपजवळच्या क्लिनिकमध्ये डॉ. संपदा कर्वे यांच्याकडे गेलो.

त्यांनी एवढंच विचारलं, एका दमात पूर्ण वाक्य बोलतो का तो? मी नाही म्हणालो. त्यांनी बॅग उचलली आणि म्हणाल्या, "चला."

आम्ही हॉलमध्ये पोचलो तेव्हा गुणवंत मांडीवरच्या उशीवर हात टेकून, पुढे वाकून बसला होता. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते, ओठ निळसर पडले होते. आणि स्पीकरवर मात्र तोच संथ, झोपलेल्या बाळासारखा श्वास. लोक समाधानाने माना डोलवत होते.

डॉक्टरांनी स्वतःचा स्टेथोस्कोप त्याच्या पाठीवर ठेवला. वर, खाली, दोन्ही बाजूंना. मग माझ्याकडून पंप मागून घेतला, त्याच्या तोंडात औषध सोडायला लागल्या आणि मला ॲम्ब्युलन्ससाठी ९९८ लावायला सांगितलं.

"डॉक्टर, अख्खा हॉल त्याचा श्वास ऐकतोय," महाराज म्हणाले. "तुम्हालाच ऐकू येत नाही?"

"जवळजवळ नाही येत. तीच भीती आहे."

त्यांनी महाराजांच्या हातातली चकती काढून घेतली आणि उशीवर दाबून धरली.

स्पीकर तसाच चालू राहिला. उशी श्वास घेत होती, अगदी निरोगी.

मग पुढे बसलेल्या रंभाताईंनी महाराजांच्या आसनाखाली हात घातला आणि फोन बाहेर काढला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, तसा उशीचा श्वास थांबला. महाराज लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले.

ॲम्ब्युलन्समध्ये मास्क लावून औषध सुरू झालं. तेव्हा डॉक्टरांनी मला समजावलं. रंगाच्या वाफेने श्वासनळ्या सुजतात. अरुंद वाटेतून हवा घुसते म्हणून शिट्टी वाजते. पण वाट जवळपास बंदच झाली, हवा जाईनाशी झाली, की शिट्टीही थांबते. महाराजांनी पहिल्या दिवशी खरी शिट्टी ऐकवली होती. त्यानंतरचं सगळं रेकॉर्डिंग.

हॉस्पिटलमध्ये औषध लागू पडलं, तेव्हा डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गुणवंतच्या कानात घालून चकती त्याच्याच छातीवर ठेवली. त्याचा चेहरा उतरला.

"परत आली," तो म्हणाला.

"आली. म्हणजे हवा जातेय. ती हळूहळू कमी होईल, औषधाने."

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "ही माझी आहे."

कॅम्पमध्ये अजून काहीजण म्हणतात, डॉक्टरीण आली म्हणून महाराजांची सिद्धी बिघडली. त्यांच्याशी मी भांडत नाही. एवढंच सांगतो, दम लागला तर डॉक्टरांकडे जा. कुणी चमत्कार दाखवला तर म्हणा, मला तपासू दे. खऱ्याला तपासणीने काही होत नाही. आणि तो तपासू देत नसेल, तर तिथून उठा. शेजारी बसलेल्यालाही उठवा.