दिशा माझ्याकडे बघायची

मित्रांनो, मी एक जुनी कापडी बाहुली आहे. भिवंडीत, नारपोलीच्या एका अंगणवाडीत राहते. अकरा वर्षांपूर्वी इथल्या बकुळाताईंनी लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, उरलेल्या कापडातून मला शिवलं, पोटात सुताचा गुंता भरला आणि डोळ्यांच्या जागी शर्टाची काळी बटणं लावली.

माझं काम खेळाचं. "नाक!" म्हणत ताई माझा हात माझ्या नाकाला लावायच्या. "गुडघे!" म्हटलं की मी वाकायचे आणि वीस पोरं धपाधप वाकायची. माझ्याकडे बघून किती मुलं आपलं अंग ओळखायला शिकली! सगळ्यांत चपळ दिशा. इतरांचे हात हलायच्या आत हिनं कोपर धरलेलं. दोन वर्षं ताई तिचं कौतुक करत होत्या आणि मी मनात फुलत होते.

मग एके दिवशी माझा हात उसवला. मदतनीस तुळजाबाईंनी मला कपाटावर ठेवलं. ताईंनी नुसत्या तोंडानं खेळ घेतला.

"कान पकडा!"

सगळ्यांनी पकडले. दिशा कपाटाकडे बघत उभी.

"आज राणीसाहेब रुसल्या वाटतं," तुळजाबाई दिशाकडे बघून म्हणाल्या. पोरं हसली. ती हसली म्हणून दिशाही हसली.

ताई मात्र तिच्या पाठीमागे गेल्या. हाक मारली, ताट वाजवलं. दिशा वळली नाही.

तिच्या आईला, संघरत्नाला, बोलावलं. "न्हाय हो ताई, घरात सगळं कळतं तिला! आमची खोली लूमच्या भिंतीला लागून. त्या खडखडाटात आम्ही सगळीच हातानं बोलतो. आता 'ये' म्हणायचं तर..." हवेत उचललेला तिचा हात तसाच राहिला.

ताई तिच्याशेजारी बसल्या. "माझंही तेच झालं गं. बाहुली न दाखवता मी कधी विचारलंच नाही."

आता दिशाच्या कानाला यंत्र आहे. डॉक्टर म्हणाले, आधीच आणायला हवी होती; बोलणं किती येईल, सांगता येत नाही. माझा हात शिवून झालाय, पण ताई मला पदराआड धरून आधी आवाज देतात. दिशा दचकते, यंत्र ओढते आणि मला शोधते. मित्रांनो, जिनं मला एवढा जीव लावला, तिच्यापासूनच मला लपावं लागतं.

माझं फाटलंतुटलं कुणीही शिवेल. पण तुमचा एखादा सोबती हाकेला वळला नाही, तर त्याला हसू नका. पाठीमागून पुन्हा हाक मारा. तरीही वळला नाही, तर मोठ्या माणसांना सांगा. त्याच दिवशी सांगा.