कवळीवाल्याची गिटार

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला कुठल्याही गोष्टीत आधी खोट दिसते. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या जबड्यांचे साचे घासून या गृहस्थाची नजर इतकी बिघडली होती, की त्याच्या तोंडून ‘छान’ निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. नातेवाईकही त्याला कवळीवालाच म्हणत. त्यामुळे मंगळवारी नवी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन तो नुसताच बघत बसला, तेव्हा बायको हात पुसत बाहेर आली.

“काय झालं? फुटकी निघाली?”

“नाही गं. हात फिरवून बघ तरी.”

गिटार मधल्या किमतीची होती, फार स्वस्त नाही आणि फार महागही नाही. अशा ठिकाणी कारागीर कुठे ना कुठे अंग चोरतोच, हा त्याचा अनुभव. पण हिची मान अशी घासलेली, की तळवा कुठे अडत नव्हता. मानेवरच्या आडव्या पट्ट्यांची टोकं बोटाला टोचत नव्हती. पाठीला, पोट टेकतं तिथे, खोलगट उतार दिला होता.

“माझ्या पोटाचा विचार केलाय यांनी,” तो भारावून म्हणाला.

“म्हणजे त्यांनी तुमचं पोट बघितलेलं नाही,” बायको म्हणाली आणि आत गेली.

चेष्टा केली, तरी हे खेळणं नाही हे तिलाही माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बोटांचे सांधे सुजले आणि जाड तारांची जुनी लाकडी गिटार बंद पडली. तिच्याबरोबर ताईचं गाणंही बंद पडलं. ताई त्याची थोरली बहीण. लहानपणापासून ती गायची आणि हा वाजवायचा. दुसऱ्या कुणाच्या साथीला ती कधी उभीच राहिली नाही. “राहू दे रे, आता वय झालं,” एवढंच ती म्हणाली होती. ते त्याला फार लागलं होतं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बारीक असतात, जोर लागत नाही, असं दुकानदाराने सांगितलं, आठवड्यात परत आणायची मुभाही दिली. रविवारी ताई येणार होती. हीही वाजली नाही, तर पुन्हा गिटारचं नाव काढायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

पहिल्याच दिवशी अर्धा तास वाजवलं आणि बोटं दुखली नाहीत. त्याला गाव गोळा करून सांगावंसं वाटलं. पण आवाज काही गोड येईना. एकेक तार सुटी छेडली तर सुरात, आणि चार तारा दाबून कॉर्ड धरली की सगळ्या एकमेकींशी भांडल्यासारख्या. तारा दहादा जुळवून झाल्या, तरी तेच.

“पट्ट्या वरखाली असणार,” त्याने निदान केलं, आणि गुरुवारी गिटार उचलून कामावर नेली.

कवळी नीट बसते का हे बघायला तिथे एक पातळ निळा कागद असतो. तो दातांमध्ये धरून चावलं, की जो दात उंच त्यावर गडद डाग उमटतो. कवळीवाल्याने प्लास्टरचे जबडे बाजूला सारले, तारा सैल करून हटवल्या, पट्ट्यांवर निळा कागद ठेवला आणि वरून छोटी पोलादी फूटपट्टी घासली. तीन-तीन पट्ट्या करत सगळी मान तपासली. डाग सगळीकडे सारखे. एकही पट्टी केसभरसुद्धा उंच नव्हती.

त्याला त्या न पाहिलेल्या कारागिराचे हात धरावेसे वाटले. मग एकदम वाईट वाटलं. गिटारमध्ये खोट नाही म्हटल्यावर ती आपल्या बोटांतच असणार.

रविवारी ताई आली, तेव्हा खोकं बांधून दाराशी ठेवलेलं होतं.

“परत देतोय,” तो म्हणाला. “वस्तू सोन्यासारखी आहे. नाचता येईना म्हणून अंगणाला वाकडं म्हणू तरी कसं? अंगण सरळ आहे, मीच तपासलंय.”

“आधी वाजव. मला ऐकू तर दे.”

त्याने नाइलाजाने खोकं सोडलं, कॉर्ड धरली. बेसूर. ताई कानापेक्षा डोळ्यांनी ऐकत होती. ती पुढे झाली आणि तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“अरे, गळा दाबतोयस का तिचा? नखं पांढरी पडलीत बघ!”

“जुनीला एवढंच दाबावं लागायचं.”

“ही जुनी आहे का? बारीक तार एवढी दाबलीस तर ताणली जाणारच, आणि सूर वर चढणार. लोकांना सांगतोस ना, नवी कवळी आहे, हळू चावा? मग तू हळू धर.”

त्याने बोटं नुसती टेकवली, घाबरत. कॉर्ड स्वच्छ वाजली. त्याने पुन्हा वाजवली, मग दुसरी, मग तिसरी. भांडणाऱ्या तारा एका घरच्या झाल्या होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

ताईने घसा खाकरला. तिच्या आवाजाला तीन वर्षांचा गंज चढला होता. वरच्या सुरावर तो चिरकला आणि ती ओशाळून थांबली. कवळीवाल्याने हात दोन पट्ट्या खाली सरकवला आणि तीच ओळ खालून धरली. ताई पुन्हा गायली. या वेळी आवाज पोचला. आतल्या खोलीत बायकोने नळ बंद केला.

एक गाणं झालं, दुसरं झालं, चौथं झालं.

“थांब ना रे,” ताई धापा टाकत, हसत म्हणाली, “मला श्वास तरी घेऊ दे.”

“तू घे,” तो म्हणाला आणि वाजवतच राहिला.